वितळते ते आणि वितळत नाही ते

आपण गृहिणी दिवसभर पदार्थांची रूपे पालटीत असतो. थिजलेले तूप उन्हात ठेवले की पातळ होते, गारव्यात पुन्हा थिजते. मीठ पाण्यात विरघळते, पाणी आटवले की परत हाती येते. परंतु विरजलेल्या दह्याचे पुन्हा दूध होत नाही, की भाजलेल्या भाकरीचे पीठ होत नाही. पहिला बदल परतीचा, दुसरा बिनपरतीचा. या दुसऱ्या बदलाची एक कहाणी भगिनींना सांगावी असे माझ्या मनात आहे. ती रबराची.

रबर म्हणजे झाडाचा चीक. मेक्सिकोकडील मूळ रहिवासी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्यात एका वेलीचा रस मिसळून चेंडू करीत. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन पावसाळी कापड काढले. पण कच्चे रबर तुपाच्याच जातीचे. उन्हाळ्यात ते चिकट होई, थंडीत कडक. बदल परतीचा होता, हीच तर अडचण!

अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना या अडचणीने पछाडले. कर्जापायी त्यांना तुरुंगवास घडला. प्रयोग चालत ते घरात, आणि पत्नी क्लॅरिसाबाई उधारीवर मुलाबाळांचा संसार रेटीत. इतिहासात नाव पतीचे झाले, परंतु ती तपश्चर्या दोघांची होती, असे मी म्हणेन. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखे करपले. करपल्या भागाच्या कडेचे रबर मात्र लवचीक राहिले. १८४४ साली त्यांना पेटंट मिळाले. तरी १८६० मध्ये ते वारले ते कर्जातच. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली इतरांनी काढली.

गंधकाने केले काय? रबराचे कण लांब दोऱ्यांसारखे असतात. सुटे दोरे तापले की एकमेकांवरून घसरतात. गंधक त्यांच्यात जागोजाग गाठी मारतो. मग ओढले तरी ते पूर्ववत होतात, तापले तरी वाहत नाहीत. पण त्या गाठी सहजी सुटत नाहीत. म्हणून जुने टायर मेणासारखे वितळवून नवे ओतता येत नाहीत.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. होळीला आमच्या गल्लीतील मुले जुने टायर ओढून आणतात. पेटल्यावर त्यांतून काजळी आणि गंधकाचा विषारी धूर निघतो. तो तान्ह्या मुलांच्या व दमेकरी वृद्धांच्या छातीत जातो. परसात टाकावे, तर साचल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. याच टायरांचा भुगा करून तो रस्त्याच्या डांबरात मिसळता येतो. तेव्हा भगिनींनो, यंदा टायर होळीत न जाता भंगारवाल्याकडे जाईल, एवढे आपण पाहू या. जी वस्तू मूळ रूपात परत येत नाही, ती टाकताना दोनदा विचार करावा.