क्रुसावरची अक्षरे

मराठी ख्रिस्ती घरांचा बंगळूरशी एक संबंध आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भारतीय बायबल सोसायटीचे मुख्य कार्यालय त्या शहरात, महात्मा गांधी रस्त्यावर आहे. त्यामुळे अहमदनगरच्या किंवा जालन्याच्या एखाद्या घरात फडताळात ठेवलेले पवित्र शास्त्र उघडावे, तो आरंभीच्या पानावर बंगळूरचे नाव दिसते. शेजारच्या कोऱ्या पानावर कुणीतरी शाईने नोंदी केलेल्या असतात : मुलाचा जन्म, नातीचा बाप्तिस्मा, आजोबांचे देहावसान. ग्रंथ धर्माचा खरा. पण घर तो जपते त्यात या हस्ताक्षराचाही वाटा असतो.

श्रोतेहो, श्रद्धेची खूण आणि आपल्या माणसांची आठवण अशा एकाच वस्तूत राहू लागली, म्हणजे त्या वस्तूची भाषा कोणती असावी? पंडिता रमाबाईंपुढे हा प्रश्न एका लहानशा क्रुसाच्या निमित्ताने उभा राहिला होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, रानातल्या आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते मुलीला दिले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत हिंडले आणि दुष्काळात सापडले. दागिने गेले, उंची वस्त्रे गेली, शेवटी तांब्यापितळेची स्वयंपाकाची भांडीही विकावी लागली, असे रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. १८७४ साली वडील वारले आणि थोड्याच अवधीत आईही गेली. आठवण म्हणून पेटीत ठेवावे असे त्या लेकीपाशी काय उरले असणार? जे विकता येत नव्हते तेवढेच उरले, म्हणजे आईच्या तोंडून ऐकून पाठ केलेले हजारो श्लोक.

नंतर बंगालच्या बाजूस सिल्चर येथे, विवाहानंतर, त्यांना आपल्याच पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी ती आवडीने वाचली. पुढे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली अकस्मात निधन पावले. रमाबाई इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व कन्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

क्रुसाचा वाद त्यानंतरचा. तेथील जोगिणींच्या रिवाजाप्रमाणे क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाईंनी क्रूस नाकारला नाही. अक्षरे मात्र संस्कृत असावीत असा हट्ट धरला. लॅटिन त्यांना कळत नव्हते, आणि त्यांच्या देशबांधवांनाही कळणार नव्हते. ब्राह्मणांना संस्कृताचे वाटते तसेच तुम्हाला लॅटिनचे वाटते काय, असा थेट सवाल त्यांनी सिस्टर जेराल्डाइनना पत्रातून केला. संस्कृत देववाणी आहे म्हणून नव्हे, तर आपल्या मायभूमीची ती जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून ती हवी, असे त्यांचे म्हणणे. गुरुस्थानी असलेल्या बाईला नवदीक्षित शिष्येने असे लिहावे, हे त्या काळी लहान धाडस नव्हते. याला कोणी पांडित्याचा ताठा म्हणेल. मला मात्र त्यात दुष्काळातली ती रिकामी पेटी दिसते.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. ही सारी भांडणे जपून ठेवली ती सिस्टर जेराल्डाइननीच! शिष्येने आपल्यालाच सुनावलेली पत्रे त्यांनी जमवून नीट लावली, आणि १९७७ साली ती मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

पण रमाबाईंचे मन त्या मुद्द्यावर गोठून राहिले नाही. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर आरंभिले. आता वाचणाऱ्या होत्या खेड्यापाड्यांतल्या बायका, कित्येक तर दुष्काळातून वाचलेल्या पोरक्या मुली. त्यांना कळावे म्हणून रमाबाईंनी संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या विदुषीने आपल्या उतारवयातील सर्वांत मोठ्या कामातून संस्कृत बाजूला सारले! आईकडून मिळालेले धन त्यांनी टाकले असे मला वाटत नाही. आईने त्यांना श्लोक दिले तेही समजावून, कानाशी बसवून दिले होते.

छपाईच्या कामातही सदनातल्या स्त्रियांचे हात होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.