महाराष्ट्र ओपन : दिल्ली, चेन्नई, पुणे

महाराष्ट्र ओपन ही पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा पुण्यात आली २०१८ मध्ये, पण तिची सुरुवात दिल्लीची. १९९६ साली तिथे थॉमस एन्क्विस्ट विजेता ठरला आणि पुढच्याच वर्षी स्पर्धा चेन्नईला गेली. नुंगमबक्कमच्या स्टेडियमवर ती २०१७ पर्यंत रमली. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी तिथे दुहेरीचे विजेतेपद पाच वेळा पटकावले, तर स्टॅन वावरिंकाने एकेरीचे चार वेळा.

तिचे खरे बळ वेळापत्रकात होते. जानेवारीच्या मध्यावर मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन सुरू होते, तीही हार्ड कोर्टवर. त्यामुळे वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात तशाच कोर्टवर सराव व्हावा म्हणून नामवंत खेळाडू भारतात येत. एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिस संघटनेच्या टूरवरच्या सर्वात खालच्या श्रेणीतल्या स्पर्धेला राफेल नदालसारखा खेळाडू लाभला, त्यात या तारखांचा वाटा मोठा.

पुण्यात स्पर्धा भरली ती म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलाला तिच्यामुळे टूरच्या नकाशावर जागा मिळाली. पहिल्या वर्षी जील सिमोनने अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसनला हरवले. २०१९ चा अंतिम सामना मात्र बालेवाडीतला सर्वात संस्मरणीय म्हणावा लागेल. अँडरसनसमोर होता चाळिशीला टेकलेला, २११ सेंटीमीटर उंचीचा इव्हो कार्लोविच. दोघांच्याही सर्व्हिस इतक्या भेदक, की तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. त्याच वर्षी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी दुहेरी जिंकली. बोपण्णाने २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनच्या साथीने हे यश पुन्हा मिळवले.

दरम्यान २०२० मध्ये स्पर्धा फेब्रुवारीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपननंतर सरकली होती. मेलबर्नच्या तयारीचे आकर्षणच त्यामुळे गेले. २०२१ मध्ये करोनामुळे ती झालीच नाही. २०२३ मध्ये जानेवारीचा आठवडा परत मिळाला, टॅलन ग्रीकस्पोर विजेता ठरला, पण पुण्यातली ती पाचवी आणि शेवटची खेप. २०२४ च्या जानेवारीत टूरवर पुण्याच्या जागी हाँगकाँगची स्पर्धा आली. बालेवाडीच्या वाट्याला फेब्रुवारीतली चॅलेंजर स्पर्धा राहिली, टूरच्या एक पायरी खालची.