नाल, नालबंद आणि पायाखालचा खिळा

मनुष्य डोक्यावर काय घालतो आणि अंगावर काय मिरवितो, ह्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. पायाखालच्या वस्तूकडे मात्र इतिहासकाराची नजर क्वचितच जाते. प्रस्तुत लेखांत अशाच एका वस्तूचा विचार करावयाचा आहे. घोड्याच्या टापेखालचा नाल, बैलाच्या खुराखालची पत्री आणि आजच्या सायकलस्वाराच्या जोड्याखालीं बसविलेली, पायडलांत अडकणारी क्लीट ह्या तिन्ही वस्तू एकाच कुळांतल्या आहेत. तिघींपुढचा प्रश्नही एकच आहे. पायास जडविलेली वस्तु घट्ट कशी राहावी, आणि घट्ट राहूनही तिच्यामुळें पायाचा घात कसा होऊं नये?

नाल हा शब्द मूळचा अरबी. त्या भाषेंत त्याचा अर्थ जोडा किंवा वहाण असाच आहे. फारसीच्या द्वारें तो आपल्याकडे आला, तो घोड्याच्या लोखंडी जोड्याचें नांव होऊन. आणि माणसाच्या वहाणेखालीं ठोकलेल्या लोखंडासही आपण नालच म्हणूं लागलों. अशा रीतीनें शब्द फिरून आपल्या मूळच्या घरीं आला. मराठेशाहींत तर ह्या शब्दास राजकारणांतही जागा होती. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशीं चाकरीस येणारा स्वार. त्यास मोहिमेवर निघण्यापूर्वीं जी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. त्या पैशांतून नालाखेरीज इतरही खर्च भागत असतील, पण नांव पडलें तें नालाचें. स्वाराची तरवार कितीही धारदार असो, आधीं त्याचा घोडा चालला पाहिजे, हें व्यवहारी सत्य त्या नांवांत सांठविलेलें आहे.

वर्धा जिल्ह्यांत नालाचा खरा संबंध घोड्यापेक्षां बैलाशीं अधिक. रेल्वे नव्हती तेव्हां ह्या मुलुखांतला कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर मिर्झापुरापर्यंत जात असे. 1862 सालीं नागपुरापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला आणि 1867 सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. तिच्यामुळें बैलाचें काम संपलें असें मात्र नाहीं. त्याचा रस्ता तेवढा बदलला. गांवोगांवच्या बंड्या कापूस भरून हिंगणघाटच्या बाजाराकडे आणि स्टेशनांकडे लागल्या. येथली गवळाऊ जात अंगानें हलकी, रंगानें पांढरट आणि चालीनें चपळ. ती बंडीस जुंपण्यास फार सोयीची. काळ्या मऊ जमिनींत ह्या बैलास पत्रीची गरज भासत नाहीं. पण खडीच्या सडकेवर ओझें ओढूं लागला कीं खूर झिजतो, आणि मग नालबंदास बोलवावें लागतें.

नालबंदाचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. घोड्याचा खूर एकसंध, बैलाचा दुभंगलेला. म्हणून घोड्याच्या एका पायास एक नाल, तर बैलाच्या एका पायास दोन पत्र्या. घोडा तीन पायांवर उभा राहून चौथा पाय हातीं देतो. बैल तसा सहसा देत नाहीं. त्यास दोरानें आडवा पाडून आणि पाय एकत्र बांधून पत्री मारावी लागते. त्यांतही बैलाच्या खुराची भिंत घोड्याहून पातळ. खिळा बाहेरच्या कडेनें असा तिरपा गेला पाहिजे कीं त्याचें टोंक भिंतींतून बाहेर यावें. मग तें तोडून व वळवून बसवितात. तो आंतल्या बाजूस वळला तर जिव्हारीं लागतो, खूर पिकतो आणि बैल लंगडूं लागतो. पेरणीच्या दिवसांत एक बैल लंगडला कीं जोडी मोडली. जोडी मोडली कीं वाफसा हातचा गेला. आणि कोरडवाहू शेतकऱ्याचें सारें वर्ष त्या एका खिळ्यापायीं बुडालें.

उलट, भीतभीत ठोकलेली पत्रीही घातकच. ढिली पत्री अंगावरची फिरते, खुराची कड फोडते आणि आंत खडा धरते; तिच्यापेक्षां उघडा खूर बरा. शिवाय खूर नखाप्रमाणें वाढतच असतो, म्हणून लोखंड झिजलें नसलें तरी पत्री वेळोवेळीं काढून, खूर तासून पुन्हां बसवावी लागते. घट्ट ठोकणें, जिव्हारीं लागूं न देणें आणि वेळेवर काढणें, ह्या तीन गोष्टींत नालबंदाची सगळी विद्या आली. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिला हातोडीच्या कौशल्याइतकीच धन्याची आठवणही लागते.

आतां सायकलीकडे वळूं. पायडलावरून पाऊल निसटूं नये म्हणून प्रथम बोटांपुढें पिंजऱ्यासारखी क्लिप आणि पट्टा आला. ही क्लिप टाळून जोडाच पायडलास जोडण्याच्या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत चार्ल्स हॅन्सन यानें 1895 सालीं घेतलें. क्लिप गेली म्हणून अशा पायडलास क्लिपलेस हें नांव मिळालें. पुढें 1971 च्या सुमारास इटलींतील चिनेल्ली यांनीं असें एक पायडल आणलें. परंतु त्यांतून पाऊल सोडविण्यास हातानें खटका ओढावा लागे, आणि तोल जातांना हात मोकळा कोणाचा असतो? लोकांनीं त्यास मृत्यूची क्लीट असेंच नांव दिलें. 1984 सालीं फ्रान्समधील लूक ह्या कंपनीनें बर्फावरील स्कीच्या बंधनावरून धडा घेऊन, टांच बाहेर वळवितांच पाऊल सुटेल अशी योजना केली. पुढच्याच वर्षीं बर्नार इनो यानें तशा पायडलांवर टूर द फ्रान्स जिंकली आणि जुने पट्टे मागें पडले. 1990 सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें लहान क्लीट तळव्याच्या खोबणींत बसवून स्वारास नीट चालतांही येईल अशी सोय केली.

युक्ति उत्तम, पण तिची सारी भिस्त दोनतीन स्क्रूंवर. ते ढिले झाले तर टांच वळविल्यावर जोडा वळतो आणि क्लीट मात्र पायडलांत तशीच राहते. सिग्नलापाशीं सायकल थांबते, पाऊल सुटत नाहीं आणि स्वार बांधल्यासारखा सडकेवर आडवा होतो. मागून मालमोटार येत असेल तर पुढचें सांगावयास नको. म्हणून नवी क्लीट बसविल्यावर पहिल्या एकदोन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हां आवळावे. आट्यांस थोडें ग्रीस लावावें, म्हणजे गंज धरत नाहीं. आवळण्याचें प्रमाण बहुधा 5 ते 6 न्यूटन-मीटर असतें. अधिक जोर केल्यास आटे मोडतात. पावसाळ्यांत ह्या जिल्ह्यांतली काळी माती स्क्रूच्या खांचेंत घट्ट बसते. ती काढल्यावांचून चावी लागत नाहीं. चालून चालून कड झिजली कीं क्लीट बदलावी, पण आधीं जुन्या जागेची खूण करून ठेवावी. कोन चुकला तर गुडघा दुखूं लागतो. नालबंदाचे तिन्ही नियम येथें जसेच्या तसे लागू पडतात.

भेद एवढाच कीं बैलास नालबंद होता, सायकलस्वारास तो नाहीं. ट्रॅक्टर आले आणि बैलांबरोबर नालबंदाचें कामही कमी झालें. खूर हातांत घेऊन खिळा हलतो कीं नाहीं हें पाहणारा दुसरा डोळा त्याच्याबरोबर जात आहे. यंत्र विकत मिळतें, तशी ही दृष्टि विकत मिळत नाहीं; ती ज्याची त्यानेंच कमवावी लागते. ह्या कामीं जुन्या सरकारी वहिवाटीची आठवण ठेवावी: शिलेदारास नालबंदी मिळे ती मोहिमेस निघण्यापूर्वीं.