फळ्यापासून यंत्रापर्यंत

आपले वाडवडील जहाजावर खलाशी म्हणून गेले, ते डेकवरच काम शिकले. पुढे अधिकारी घडविण्यासाठी १९२७ साली मुंबईत 'डफरिन' ही प्रशिक्षण नौका सुरू झाली. तेथेही शाळा जहाजावरच!

कारखान्यांसाठी १९५० पासून आयटीआय निघाल्या. परंतु वर्गातील यंत्र आणि कारखान्यातील यंत्र यांत अंतर राहिले. म्हणून १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले; शिकताना विद्यावेतनही मिळू लागले.

पालक बंधुभगिनींनो, वरंधचा मुलगा प्रमाणपत्र घेऊन घरी बसला, तर शिक्षण अर्धेच राहिले. महाडचे कारखाने जवळच आहेत. उमेदवारीचा अर्ज आजच करा. हाताला वळण कामावरच लागते.