बिरसीची धावपट्टी, दिल्लीचा खोळंबा

गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी बांधली. तेव्हा स्वच्छ आकाश आणि वैमानिकाची नजर यांवर बरेचसे भागे. १३ मार्च २०२२ रोजी तिथून इंदूर-हैदराबाद प्रवासी सेवा सुरू झाली आणि बिरसी देशाच्या विमानजाळ्यात गुंफली गेली.

हे जाळे किती नाजूक आहे, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत दिसले. उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांपर्यंत पोचवणारी संदेशयंत्रणा बिघडली. ते काम हाताने करावे लागले. धावपट्ट्या शाबूत होत्या, तरी ८००हून अधिक विमानांना उशीर झाला. विमानतळाची क्षमता शेवटी त्याच्या सर्वांत संथ दुव्याइतकीच!

मोठ्या शहरात अडकलेल्या विमानाची वाट पुढचे छोटे गावही पाहत असते. दिवसाला एखादेच विमान असेल, तर तिथल्या प्रवाशाने जायचे कसे?