ग्रहाचं संरक्षण: शस्त्रं जमिनीवर ठेवावीत की कक्षेत?

युद्धावरच्या विज्ञानकथांमध्ये शत्रूचा ताफा ग्रहावर चालून येतो तेव्हा बचावाचे दोन प्रकार दिसतात: जमिनीवरचे क्षेपणास्त्र तळ आणि ग्रहाभोवती फिरणारे सशस्त्र उपग्रह. बरेच लेखक कक्षेच्या बाजूने झुकतात, कारण उंचावर बसलेला जिंकतो. आम्ही पारगावचे, शिवनेरी जुन्नर तालुक्यातच, त्यामुळे हे चटकन पटतं. पण किल्ला एका जागी उभा असतो आणि त्यावर पाण्याची टाकी असतात. कक्षेत दोन्हीची बोंब.

300 किमी उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे 7.7 किमी वेगाने पळतो आणि साधारण 90 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. अगदी डोक्यावरून गेला तरी तो जेमतेम आठ-नऊ मिनिटं दिसतो. म्हणजे एकाच शहरावर पहारा ठेवायलाही भरपूर उपग्रह लागतात, आणि ऐन लढाईत त्यातले बहुतेक ग्रहाच्या पलीकडे असतात! 35,786 किमीवरच्या भूस्थिर कक्षेत उपग्रह एका जागी दिसतो खरा, पण तिथून सोडलेलं क्षेपणास्त्र खाली यायला काही तास जातात.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि कथांमध्ये ती सर्रास विसरली जाते. समजा 1 मेगावॉटचा लेझर 30 टक्के कार्यक्षमतेने चालतोय. मग 2.3 मेगावॉट उष्णता बाहेर टाकावी लागेल. जमिनीवर नदी आहे, हवा आहे. अवकाशात उष्णता फक्त प्रारणाने जाते. पत्रे 27 अंश सेल्सिअसवर ठेवून दोन्ही बाजूंनी उष्णता सोडली तरी सुमारे 2,500 चौरस मीटर पत्रा लागतो. आपल्या भाषेत पंचवीस गुंठे. एवढं मोठं लक्ष्य लपवणार कुठे?

‘खालून वर मारा करणं महाग’ हा युक्तिवादही खालच्या कक्षेपुरता लंगडा आहे. नुसतं 300 किमी उंची गाठायला, हवेचा विरोध सोडला तर, सेकंदाला अडीच किमीच्या आतला वेग पुरतो. बाकीचा वेग लक्ष्यच घेऊन येतं. 27 मार्च 2019 ला ‘मिशन शक्ती’मध्ये डीआरडीओने ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र सोडून सुमारे 280 किमीवरचा आपलाच मायक्रोसॅट-आर थेट धडकेने फोडला. किंमत मोजावी लागते ती कचऱ्याची. चीनने 2007 मध्ये सुमारे 860 किमीवर अशीच चाचणी केली, तिचे हजारो तुकडे वर्षानुवर्षं फिरत राहिले.

कान लावून बसायलाही जमीनच बरी. आमच्याच तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटीकडे 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. ऑक्टोबर 2016 मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश त्यांनी इथून पकडला होता.

मात्र शत्रूने लांबून मोठा दगडच ढकलला तर जमिनीवरचे तळ कुचकामी. ग्रहाला बाजूला सरकता येत नाही, आणि दगड जवळ आल्यावर फोडला तरी तुकडे आपल्यावरच येतात. बुलढाण्यातलं लोणारचं 1.8 किमी रुंद विवर बघा. अशा वेळी जवळच्या कक्षेतल्या तोफाही कामाच्या नाहीत, दगड लांब असतानाच वळवावा लागतो. नासाच्या डार्ट यानाने 26 सप्टेंबर 2022 ला पृथ्वीपासून सुमारे 1.1 कोटी किमीवर डायमॉर्फसला धडक दिली. मोठ्या जोडीदाराभोवतीची त्याची फेरी त्यामुळे साधारण अर्ध्या तासाने कमी झाली.