बेस्टचं भाडं वाढवताना कोणाला विचारलं?

शाश्वत वाहतुकीचे आराखडे खूप निघतात. देखरेख कोणाची, हे कोणी विचारत नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईची बस आणि ट्राम खाजगी कंपनीकडून महापालिकेकडे आली. भाडं, अंदाजपत्रक बेस्ट समितीपुढे येऊ लागलं. म्हणजे वस्तीतला माणूस नगरसेवकाला जाब विचारू शकत होता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला. मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून थेट १० झालं. पहाटे सफाईला, घरकामाला निघणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या वतीने बोलायला सभागृहात कोणीच नव्हतं. याच महापालिकेने सागरी किनारा मार्गावर सुमारे १४ हजार कोटी रुपये ओतले. तिथे दुचाकीलाही बंदी! आणि आपल्या राखीव प्रभागांतल्या खुर्च्या? त्याही तेव्हा रिकाम्याच होत्या.